शेजारच्या जिल्ह्यांतील एक दिवस

प्रवास म्हटला कीं आपणां शहरवासीयांच्या डोळ्यांपुढें काशी-रामेश्वर उभें राहतें, नाहीं तर काश्मीर. चार दिवसांची रजा, दोन पेट्या, आगगाडीचें आरक्षण आणि दाराला कुलूप एवढा सरंजाम जमल्याखेरीज प्रवास घडला असें आपल्याला वाटतच नाहीं. शेजारचा जिल्हा मात्र आपण नुसता ओलांडून जातों. पुण्याहून महाबळेश्वराला जाणारीं माणसें वाईवरूनच जातात. तेथें घटकाभर थांबून चहा घेतात, पसरणीचा घाट चढतात आणि थंड हवेच्या ओढीनें पुढें निघून जातात. ज्या गांवाच्या घाटांवर मराठी राज्याच्या भरभराटीचा काळ दगडांत बसून राहिला आहे, तें गांव त्यांच्या लेखीं चहाचें ठिकाण असतें.

आजच्या भाषणांत मी अशाच एका शेजारच्या जिल्ह्यांतील एका दिवसाच्या फेरीविषयीं बोलणार आहें. पतिपत्नींनीं पहांटे पुण्याहून निघावें, सातारा जिल्ह्यांतलीं तीन ठिकाणें पाहावीं आणि रात्रीच्या जेवणाला घरीं परत यावें, एवढाच हा बेत. आम्हीं उभयतांनीं तो पार पाडला. निघण्यापूर्वीं आमच्यांत थोडा वाद झाला, तो सांगण्याजोगा आहे. माझ्या यजमानांना किल्ल्यांचा नाद. सातारा जिल्हा म्हणजे अजिंक्यतारा, प्रतापगड आणि सज्जनगड, असें त्यांचें म्हणणें. मीं म्हटलें, "किल्ले पुष्कळ पाहिले. ज्यांनीं किल्ले जिंकले त्यांनीं पुढें काय केलें, तें एकदां पाहूं या." हा मुद्दा त्यांना पटला, आणि वाई, मेणवली व लिंब अशी वाट ठरली.

श्रोतेहो, हा मुद्दा केवळ आमच्या घरगुती वादाचा नाहीं. किल्ला आपल्याला राज्य कसें मिळालें हें सांगतो. मिळालेलें राज्य कशासाठीं वापरलें, हें पाहावयाचें असेल तर घाट, वाडे आणि विहिरी पाहाव्या लागतात. लिंबची विहीर १७१९ ते १७२४ या सालांतली. वाईचीं दोन प्रसिद्ध देवळें १७५७ आणि १७६२ सालचीं. मेणवली गांव नाना फडणविसांना मिळालें तें १७६८ सालीं. म्हणजे हा सारा पसारा अवघ्या पन्नास वर्षांतला. याच पन्नास वर्षांत मराठी घोडीं अटकेपर्यंत गेलीं आणि पानिपतावर एक पिढी कापली गेली. त्या गजबजाटांत कोणी तरी शांतपणें पायऱ्या घडवीत होतें, पाणी वर काढण्याची सोय करीत होतें आणि कागद जपून ठेवीत होतें. त्यांची ओळख करून घेणें हा आपल्या फेरीचा हेतु.

पुणें सोडतांच कात्रज लागतें. तेथील तलाव नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत बांधला गेला आणि त्याचें पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरांतल्या हौदांपर्यंत खेळविलें गेलें. घाट चढण्याच्या घाईंत याची आठवण फारशी कोणाला होत नाहीं. आपण मात्र ती मनांत ठेवूं, कारण नानासाहेबांच्या पत्नीच्या माहेरचीं माणसें आपल्याला पुढें वाईस भेटावयाचीं आहेत. शिरवळच्या अलीकडे नीरा नदी ओलांडली कीं पुणें जिल्हा संपतो. मग खंबाटकीचा डोंगर मागें पडतो, सुरूरपाशीं उजवीकडे वळावें, आणि उंसाच्या मळ्यांतून गेलेल्या रस्त्यानें वाई गांठावी. पुण्यापासून हें अंतर सुमारें ९० किलोमीटर आहे.

कृष्णा महाबळेश्वरास उगम पावते. डोंगर उतरून आल्यावर तिच्या कांठीं वसलेलें पहिलें मोठें गांव म्हणजे वाई. लोक तिला दक्षिणकाशी म्हणतात. पांडवांच्या अज्ञातवासाची विराटनगरी हीच, असेंहि श्रद्धाळू मंडळी सांगतात. इतिहासाच्या कागदांत वाई दिसते ती आदिलशाहीचें ठाणें म्हणून. अफजलखान या सुभ्याचा अधिकारी होता, आणि १६५९ सालीं शिवाजीमहाराजांवर चालून आला तेव्हां त्याचा तळ वाईसच पडला होता. त्याच वर्षाच्या १० नोव्हेंबरला प्रतापगडाखालीं जें घडलें तें आपण सर्वजण जाणतों. परंतु तळाखालच्या गांवाला काय वाटलें असेल, याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. वाईची परंपरा सांगते कीं, त्या संकटांत गांवांतल्या एका शास्त्र्यानें कृष्णामाईला नवस केला, संकट टळलें, आणि तेव्हांपासून कृष्णाबाईचा उत्सव सुरू झाला. परंपरेचा शब्द न् शब्द इतिहास म्हणून घेण्याचें कारण नाहीं. परंतु हा उत्सव आजहि होतो. वाईच्या निरनिराळ्या आळ्यांचे निरनिराळे घाट आहेत, आणि प्रत्येक घाटावर पाळीपाळीनें कृष्णाबाईची स्थापना होऊन पूजा, कीर्तन आणि भोजन होतें. मोहिमेची आठवण गडावर तोफेच्या रूपानें राहते. गांवानें ती नदीच्या ओटीभरणाच्या रूपानें ठेवली.

घाटावर उभें राहिलें कीं नजर भरते ती रास्त्यांच्या देवळांनीं. या घराण्याचें मूळ आडनांव गोखले. सावकारी आणि सरदारी यांच्या जोरावर तें पुढें आलें, आणि भिकाजी नाईक रास्ते यांची कन्या गोपिकाबाई नानासाहेब पेशव्यांना दिल्यावर त्याचा उत्कर्ष आणखी वाढला. आनंदराव भिकाजी रास्ते यांनीं १७५७ सालीं काशीविश्वेश्वराचें देऊळ बांधलें; गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ सालीं गणपतीचें. हीं दोघें गोपिकाबाईंच्या माहेरचीं माणसें. विश्वेश्वरापुढचा काळ्या दगडाचा नंदी इतका गुळगुळीत आहे कीं त्यावर हात फिरविल्याशिवाय पाऊल निघत नाहीं. गणपतीची मूर्ति एकाच दगडांत घडविलेली, अशी भव्य कीं लोकांनीं त्याला प्रेमानें "ढोल्या गणपति" हें नांव दिलें आहे, आणि देवानेंहि तें बिनतक्रार स्वीकारलें आहे.

या देवळांत पाहण्यासारखी खरी गोष्ट मूर्तीच्या पाठीमागें आहे. देऊळ अगदीं नदीच्या पात्रालगत. पावसाळ्यांत कृष्णेला लोंढा आला कीं तो थेट देवळावर येणार, हें बांधणाराला ठाऊक होतें. म्हणून मागची भिंत सरळ न बांधतां तिला माशासारखा निमुळता आकार दिला आहे. पुराचें पाणी तिच्यावर येऊन दुभंगावें आणि दोन्ही अंगांनीं निघून जावें, अशी ही योजना. नदीला अडविण्याची भाषा येथें नाहीं. ती दरवर्षीं येणार, तिला वाट द्यावयाची, आणि तरीहि आपण जागेवरून हलावयाचें नाहीं, एवढाच विचार त्या भिंतींत आहे. तिनें अडीचशेंहून अधिक पावसाळे झेलले आहेत.

१७६२ या सालाकडे श्रोत्यांनीं थोडें थांबून पाहावें. पानिपतचें युद्ध १४ जानेवारी १७६१ रोजीं झालें. त्यांत गोपिकाबाईंचा थोरला मुलगा विश्वासराव पडला. त्याच वर्षाच्या जून महिन्यांत पति नानासाहेब गेले. पुढें १७७२ सालीं माधवराव क्षयानें गेले, आणि १७७३ सालीं धाकट्या नारायणरावांचा शनिवारवाड्यांत खून झाला. एका बाईनें आपल्या डोळ्यांदेखत पति आणि तीन मुलगे गमावले. तिचें उत्तरायुष्य नाशिकजवळ गंगापुरास गेलें आणि १७८८ सालीं तें संपलें. तिच्या माहेरच्या माणसांनीं पानिपतानंतर दुसऱ्याच वर्षीं बांधलेल्या देवळासमोर आपण उभे असतों. तेथें येणाऱ्या शंभरांपैकीं नव्वद जणांना हें साल ठाऊक नसतें. तें ठाऊक झालें म्हणजे पुराला दुभंगणारी ती भिंत पाहतांना मनाला निराळें कांहीं तरी वाटूं लागतें.

वाई सोडण्यापूर्वीं तिच्या दुसऱ्या वैभवाचाहि उल्लेख केला पाहिजे. केवलानंद सरस्वतींची प्राज्ञपाठशाळा येथें १९१६ सालीं स्थापन झाली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच पाठशाळेंत घडले, धर्मकोशाचें प्रचंड काम येथेंच उभें राहिलें, आणि मराठी विश्वकोशाचें कार्यालयहि मुंबई-पुणें सोडून वाईस आलें. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालीं प्रसिद्ध झाला. नदीकांठच्या एका लहान गांवांत साऱ्या जगाचें ज्ञान मराठींत आणण्याचा उद्योग चालावा, ही गोष्ट महाबळेश्वराच्या थंड हवेहून कमी सुखाची नाहीं.

वाईहून मेणवली अवघी तीन किलोमीटर. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनीं हें गांव १७६८ सालीं नाना फडणविसांना दिलें. नानांनीं नदीला घाट बांधला, घाटावर विष्णूचें आणि मेणेश्वराचें अशीं दोन देवळें उभीं केलीं, आणि वरच्या अंगाला सहा चौकांचा वाडा बांधला. जाड भिंती, लांकडी खांब, नक्षीदार तुळ्या आणि कोठें कोठें भिंतींवर राहिलेलीं रंगीत चित्रें, असा तो वाडा आजहि उभा आहे. नानांच्या वंशजांनीं तो राखला. लांकडी वाडा राखणें म्हणजे वाळवीशीं, पावसाशीं आणि खर्चाशीं दरवर्षीं नवें युद्ध करणें. त्या युद्धाचे पोवाडे कोणी गात नाहीं.

घाटावर एक लहानशी घुमटी आहे आणि तींत एक मोठी घंटा टांगलेली आहे. जवळ जाऊन पाहिलें म्हणजे तिच्यावर बाळ येशूला कडेवर घेतलेली माता मेरी दिसते, आणि साल दिसतें १७०७. ही घंटा पोर्तुगीज ख्रिस्तमंदिराची. चिमाजी अप्पांनीं मे १७३९ मध्यें वसईचा किल्ला घेतला, तेव्हां तेथल्या ज्या घंटा विजयचिन्हें म्हणून देशावर आल्या त्यांतली ही एक. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावर टांगलेली घंटा १७२१ सालची. भीमाशंकरासहि अशीच एक घंटा आहे.

आतां हीं सालें ओळीनें मांडून पाहूं. घंटा ओतली गेली १७०७ सालीं. वसई पडली १७३९ सालीं. नानांचा जन्म १७४२ सालचा, आणि मेणवली त्यांना मिळाली १७६८ सालीं. म्हणजे ही घंटा आपल्या नव्या धन्याहून पस्तीस वर्षांनीं मोठी, आणि वसईहून निघाल्यावर मेणवलीच्या घाटावर चढेपर्यंत तिची निदान एकोणतीस वर्षें दुसरीकडे गेलीं. चिमाजी अप्पांच्या विजयाची निशाणी नानांच्या खाजगी घाटावर आली ती अशी वडिलोपार्जित ठेव्याप्रमाणें हातोहात. माझे यजमान म्हणाले, "हिला वितळवून तोफ करतां आली असती." खरेंच आहे. तोफेला धातु लागे, आणि घंटेंत तो भरपूर होता. पण ती वितळविली नाहीं, तिच्यावरची मूर्ति छिन्नीनें घासून काढली नाहीं. परधर्माची माता आपल्या बाळाला घेऊन शंकराच्या देवळाजवळ तशीच राहिली. विजयाचा अभिमान होताच; पण जिंकलेल्या वस्तूचा अपमान करण्याची गरज त्या पिढीला वाटली नाहीं. ही घंटा म्हणूनच केवळ वसईचा विजय सांगत नाहीं. ती घेणाऱ्याची वृत्तिहि सांगते.

नाना फडणवीस म्हटले कीं आपल्यापुढें बारभाईंचा सूत्रधार आणि पेशवाईचा शहाणा कारभारी उभा राहतो. त्यांच्या आयुष्यांतली एक घरगुती हकीकत त्यांनीं स्वतःच लिहून ठेवली आहे. पानिपतास ते गेले तेव्हां अठरा वर्षांचे होते आणि आई व पत्नी बरोबर होत्या. युद्धाच्या धुळधाणींत नाना कसेबसे निसटले. पत्नी पुढें सुखरूप येऊन मिळाली. आई मात्र परत आली नाहीं. ज्याची आई रणांगणावर हरवली त्या मुलानें पुढें जन्मभर राज्याचे कागद हरवूं दिले नाहींत, असें मेणवलीला उभें राहिलें म्हणजे मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

कारण मेणवलीचें खरें धन घंटा नव्हे आणि वाडाहि नव्हे. तें धन म्हणजे मेणवली दप्तर. फडणिशी म्हणजे राज्याच्या जमाखर्चाची आणि कागदपत्रांची जबाबदारी. दरबाराचीं पत्रें, वकिलांचीं बातमीपत्रें, हिशेब, करार, मसुदे असे हजारों कागद मोडी लिपींत लिहिलेले, कापडाच्या रुमालांत बांधलेले, या घराण्याकडे राहिले. नाना १३ मार्च १८०० रोजीं वारले. त्यांच्या मागें राहिलेल्या जिऊबाई त्या वेळीं अवघ्या नऊ वर्षांच्या होत्या. एकीकडे दुसऱ्या बाजीरावाचा रोष, दुसरीकडे होळकर-शिंद्यांची धामधूम, आणि मध्यें ही पोरवयाची विधवा. कांहीं काळ लोहगडाचा आसरा घ्यावा लागला. पुढें इंग्रजांनीं सालीना १२,००० रुपयांचें वर्षासन बांधून दिलें. इतक्या उलथापालथींतून घराणें टिकलें आणि त्याबरोबर मेणवलीचे रुमालहि टिकले. सत्ता गेली, सरंजाम गेला, पेशवाई गेली, कागद राहिले.

नुसते राहून मात्र भागलें नसतें. साताऱ्याचे इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं हे कागद मिळविले, वाचले, आणि त्यांतले निवडक छापून काढले. १९०८ सालीं सुरू केलेल्या आपल्या 'इतिहाससंग्रह' मासिकांतून त्यांनीं अशीं साधनें मराठी वाचकांपुढें ठेवलीं. साताऱ्यास त्यांनीं ऐतिहासिक वस्तूंचें व कागदांचें संग्रहालय उभें केलें. १९२६ सालीं ते वारले; पुढें १९३९ सालीं हा संग्रह पुण्यास डेक्कन कॉलेजांत आला आणि आज तेथें सुरक्षित आहे. म्हणजे मेणवलीचा वाडा पाहावयाला आपण पुण्याहून नव्वद किलोमीटर जावें, आणि त्या वाड्याचा आत्मा मात्र आपल्या पुण्यांतच असावा, अशी ही मौज आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनीं दोन्ही पाहावें.

मेणवलीच्या पुढें पांच-सहा किलोमीटरांवर धोम आहे. तेथील देवळांत कांसवाच्या पाठीवर बसलेला नंदी आहे, आणि गांवाच्या वर विसाव्या शतकांत बांधलेलें कृष्णेवरचें धरण. वेळ असेल तर तेंहि पाहावें. मात्र लिंबला पोंचावयाचें असेल तर दुपार ढळण्यापूर्वीं निघालें पाहिजे, कारण विहीर अंधारांत पाहण्याची वस्तु नव्हे.

पुन्हां मोठ्या रस्त्याला लागून साताऱ्याच्या दिशेनें जावें. साताऱ्याच्या अलीकडे सुमारें १५ किलोमीटरांवर लिंब गांव आहे, आणि गांवाबाहेर शेतांत "बारा मोटेची विहीर". लांबून कांहीं दिसत नाहीं. जमिनीच्या पातळीवर एक दगडी कांठ, एवढेंच. पायऱ्या उतरूं लागलें म्हणजे मात्र माणूस बोलतां बोलतां गप्प होतो. मुख्य विहीर अष्टकोनी, व्यास सुमारें ५० फूट, खोली सुमारें ११० फूट. तिला जोडून चौकोनी भाग, आणि दोहोंच्या मध्यें पाण्यावर उभारलेला एक लहानसा महाल. दाराशीं शरभांच्या आकृति. खांबांवर हत्ती, घोडेस्वार, कमळें, गणपति, मारुति. वरून पाहिलें तर सबंध विहिरीचा आकार शिवपिंडीसारखा दिसतो. भर उन्हाळ्यांतहि त्या महालांत गारवा असतो. शाहूमहाराज येथें बसून खलबतें करीत, असें गांवकरी सांगतात.

ही विहीर शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळांत विरूबाई भोसले यांनीं बांधविली. विरूबाई शाहूमहाराजांच्या विवाहित राण्यांपैकीं नव्हत्या. पण महाराजांच्या अंतःपुरांत त्यांना मोठा मान होता. अक्कलकोट संस्थानचे मूळ पुरुष फत्तेसिंह भोसले यांना महाराजांनीं मुलासारखें जवळ केलें, आणि त्यांचा सांभाळ विरूबाईंनीं केला. १७४० सालीं विरूबाई वारल्या. राजवंशाच्या वंशावळींत त्यांना जागा नाहीं. लिंबच्या दगडावर मात्र त्यांचें नांव आहे.

१७१९ सालाकडे पुन्हां लक्ष द्यावें. शाहूराजे आणि त्यांची आई येसूबाई १६८९ सालीं रायगड पडल्यावर मोंगलांच्या हातीं सांपडलीं. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ सालीं शाहूराजे सुटले. आई ओलीस म्हणून मागें राहिली. १७१९ सालीं बाळाजी विश्वनाथ पेशवे दिल्लीहून स्वराज्याच्या, चौथाईच्या व सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले आणि त्यांच्याबरोबर तीस वर्षांच्या कैदेनंतर येसूबाईहि साताऱ्यास परतल्या. ज्या वर्षीं राजाची आई घरीं आली आणि राज्याला सनद मिळाली, त्याच वर्षीं राजाच्या घरांतल्या एका स्त्रीनें लिंबच्या माळावर विहीर खणावयास घेतली. एकामुळें दुसरें घडलें असें मी म्हणत नाहीं. तसा पुरावा नाहीं. परंतु सत्तावीस वर्षांच्या मोंगली धामधुमीनें या मुलखाचीं शेतें ओस पडलीं होतीं, आणि विहीर खणणें म्हणजे पुढचीं वीस-तीस वर्षें आपण येथेंच राहणार असा भरंवसा धरणें. सैन्य ज्या वाटेनें पुन्हां येईल अशी भीति असते, त्या वाटेवर कोणी पांच वर्षें खपून विहीर बांधीत नाहीं. सनद दिल्लीहून आली. ती खरी झाली लिंबच्या पाण्यांत.

बारा मोटांचा अर्थ आजच्या तरुण पिढीला सांगावा लागतो. मोट म्हणजे कातड्याची मोठी पिशवी. ती नाड्यानें विहिरींत सोडावयाची. भरली कीं बैल उतरत्या धावेवरून पुढें जात, चाकावरून नाडा ओढला जाई, मोट वर येई आणि तिच्या सोंडेंतून पाणी थारोळ्यांत पडे. तेथून पाटानें तें शेतांत जाई. बैल उलट्या पावलीं मागें येत आणि मोट पुन्हां खालीं जाई. लिंबला अशा बारा मोटा एका वेळीं चालत. एका मोटेला एकच बैलजोडी धरली तरी चोवीस बैल, आणि बारा मोटकरी. चाकांची करकर, पाण्याचा धबधबा आणि मोटकऱ्यांचीं गाणीं यांनीं तो माळ कसा दुमदुमत असेल! तें पाणी जाई आमराईला आणि भोंवतालच्या जमिनीला. वर बारा चाकें फिरताहेत आणि खालीं त्याच विहिरीच्या पोटांतल्या महालांत राज्याची मसलत चालली आहे, हें चित्र डोळ्यांपुढें आणावें. राज्य आणि पाणी यांच्यामध्यें त्या वेळीं एका दगडी तक्तपोशीचें अंतर होतें.

मोटा आतां गेल्या. त्यांच्या जागीं आधीं तेलाचीं एंजिनें आलीं, मग विजेचे पंप. काम गेलें कीं विहीर मरते. महाराष्ट्रांतल्या कितीतरी जुन्या बारवांची आज कचऱ्यानें आणि झाडोऱ्यानें काय अवस्था आहे, हें आपण पाहतोंच. लिंबची विहीर नीटनेटकी आहे, तिच्यांत पाणी आहे, आणि याचें श्रेय आसपासच्या गांवकऱ्यांना आहे. आपण पाहुण्यांनीं त्या कामांत भर घालावयाची नसेल तर निदान उणें तरी करूं नये. खांबावर आपलीं नांवें कोरणारे, पाण्यांत बाटल्या फेंकणारे आणि पायऱ्यांवर उष्टें टाकून जाणारे लोक मीं तेथें पाहिले. तीं शिकल्यासवरलेलीं, बहुधा आपल्यासारख्याच शहरांतलीं माणसें होतीं. तीनशें वर्षांपूर्वींच्या एका बाईच्या नांवाशेजारीं आपलें नांव खिळ्यानें ओरखडणारास हें कळत नाहीं कीं, तिनें पाणी देऊन नांव मिळविलें होतें.

दिवसाच्या या फेरींतून एक गोष्ट माझ्या मनांत पक्की झाली. इतिहास म्हणून आपण जें शिकतों तो बहुतेक घेण्याचा इतिहास असतो: गड घेतला, मुलूख घेतला, चौथाई घेतली. तो खरा आहे आणि अभिमानाचा आहे. परंतु घेतलेलें टिकविण्याचा इतिहास निराळा, आणि तो बहुधा घरांत घडतो. रास्त्यांनीं पुराला वाट देऊन देऊळ टिकविलें. नानांच्या घराण्यानें वनवास सोसून कागद टिकविले. विरूबाईंनीं माळाखालचें पाणी वर काढून गांव टिकविलें. आणि ह्या प्रत्येक कामाला पुढच्या पिढींत सांभाळणारा कोणी तरी मिळाला, म्हणूनच तें आपल्यापर्यंत आलें. एक पिढी जरी बेफिकीर निघती, तरी साखळी तुटली असती.

आपली पिढी तशी बेफिकीर आहे काय, हा प्रश्न प्रत्येकानें आपल्या माळ्यावरच्या ट्रंकेला विचारावा. पुण्या-मुंबईंतल्या किती तरी जुन्या कुटुंबांत आजोबा-पणजोबांच्या वेळचे मोडी कागद अजून आहेत: खरेदीखतें, वतनाचे वाद, लग्नाच्या याद्या, जमाखर्चाच्या चोपड्या, माहेराहून आलेलीं पत्रें. घर बदलतांना तीं रद्दींत जातात, कारण तीं कोणाला वाचतां येत नाहींत. मोडी लिपि शाळांतून जाऊन आतां बराच काळ लोटला आहे, आणि ती सहज वाचणारीं माणसें दिवसेंदिवस कमी होत आहेत. मेणवली दप्तर मोठें, कारण तें एका मुत्सद्द्याचें. पण आपल्या ट्रंकेंतली लग्नाची यादीहि इतिहासच आहे. त्या काळीं गहूं काय भावानें मिळे, किती पानें उठलीं, लुगडें कोठून आलें, हें तीच सांगेल. भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांनीं शंभराहून अधिक वर्षें असे कागद जमविले आहेत. देतां येत असतील तर तेथें द्यावे. द्यावयाचे नसतील तर निदान त्यांची छायाचित्रें तरी काढून ठेवावीं.

तेव्हां श्रोतेहो, एखाद्या रविवारीं पतिपत्नींनीं शेजारच्या जिल्ह्यांत अवश्य जावें. पुण्याचा शेजार सातारा, नाशिककरांचा शेजार अहिल्यानगर, कोल्हापूरकरांचा सांगली. प्रत्येकाच्या शेजारीं असा एखादा घाट, एखादा वाडा आणि एखादी विहीर आहेच. जाण्यापूर्वीं दोन पुस्तकें वाचावीं. तेथें गेल्यावर देवळाची मूर्ति पाहून झाली म्हणजे तिच्या पाठीमागची भिंतहि पाहावी, आणि ती कोणी, कोणत्या सालीं बांधली हें विचारावें. त्या सालीं बांधणाराच्या घरांत काय चाललें होतें, याचा शोध घरीं आल्यावर घ्यावा. मग दगड बोलूं लागतात. आणि मग तो जिल्हा शेजारचा राहत नाहीं, आपलाच होतो.